जुन्या डिस्कवरची दुपार

१

सकाळी आठला ताईच्या डोळ्यात थेंब, साडेआठला चहा, नऊला टेबल. गेल्या सहा दिवसांत हे वेळापत्रक जुळणीकाराच्या अंगवळणी पडलं होतं. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मधे एक बोळ आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकाचा ओटा. पुढच्या खोलीत बसून तो पुस्तकांची अक्षरजुळणी करी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं नीट पानांवर मांडून देई. लग्न त्याचं राहूनच गेलं होतं. ते का राहिलं हे विचारणारंही आता ताईशिवाय कोणी उरलं नव्हतं.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिच्या एका डोळ्याची नजर फार पूर्वीच गेली होती. आता दुसऱ्याचा पडदा सुटला होता. डॉक्टरांनी तो जागेवर बसवला, वर पट्टी बांधली आणि दोन आठवडे मान खाली घालून बसायची सक्त ताकीद दिली. म्हणून ती दिवसभर त्याच्याच खोलीत दुसऱ्या टेबलाशी बसे, हातांच्या घडीवर कपाळ टेकवून. बोलणं मात्र चालूच असे. शाळेतून निवृत्त झाली तरी शिकवायची खोड गेली नव्हती. चहात साखर कमी आहे, पंखा कुरकुरतोय, तू पाठीत वाकून बसलायस, हे सगळं ती न बघता सांगे आणि बहुतेक वेळा बरोबर सांगे.

त्या सकाळी तिने चहा संपवून पेला बाजूला सारला. मग टेबलाकडे तोंड करूनच म्हणाली, "मला आता कशाची भीती वाटत नाही बघ. बाबांचं तू एवढं केलंस. मी उंटावरून शेळ्या हाकत राहिले आणि तू शेवटच्या क्षणापर्यंत त्यांच्याजवळ होतास. माझंही करशीलच."

"ताई, मान खाली."

"खालीच आहे रे. अजून किती खाली घालू?"

तो हसला, पण नुसतं तोंडाने. बाबा झोपेतच गेले, हे त्याने सहा वर्षांपूर्वी ताईला फोनवर सांगितलं होतं. ती वेळेवर पोचू शकली नव्हती आणि त्या एका वाक्यावर तिने स्वतःची समजूत घातली होती. तेव्हापासून ती दर दोन-चार महिन्यांनी त्याचे आभार मानी. खाई त्याला खवखवे म्हणतात. हा माणूस सहा वर्षं आभार ऐकत होता आणि सहा वर्षं त्याला ते खवखवत होते.

२

प्रकाशकाचा फोन त्याच दिवशी आला. झाडांच्या कोशाची दुसरी आवृत्ती काढायची होती. कोशकार नव्वदीच्या पुढचे, अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांना नवी प्रत एकदा हातात धरायची होती. प्रकाशकाकडची पानं कुठे गहाळ झाली कोण जाणे. "भाऊ, तुमच्याकडे असतीलच," तो म्हणाला. "शुक्रवारपर्यंत द्या. म्हातारा माणूस आहे, फार वाट बघायला लावू नका."

कोशाचं नाव ऐकून जुळणीकाराने माळ्याकडे पाहिलं. पानं त्याच्याकडे होती, पण ती जुन्या फॉन्टच्या अक्षरांत होती. हल्लीच्या कॉम्प्युटरवर ती उघडली की नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसत. ती अक्षरं, ती पानं आणि ती उघडणारी जुनी सिस्टिम माळ्यावरच्या एका मशीनमध्ये होती. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने ते मशीन बंद करून चादरीत गुंडाळलं होतं. घर बदललं तेव्हा ते त्याच गाठींसकट इथे आणलं आणि वर टाकलं. इतरांना तो सांगे की सवड झाली की बघू.

नाही म्हणावं असं दोनदा मनात आलं. पण एका म्हाताऱ्या माणसाला वाट बघायला लावण्याची त्याची हिंमत आता उरली नव्हती. त्याने चादर सोडली.

दुरुस्तीवाल्याचं दुकान तळघरात होतं. गृहस्थ पन्नाशीचा, चष्मा कपाळावर आणि स्क्रू ड्रायव्हर खिशात. त्याने झाकण काढलं, आत फुंकर मारली आणि स्वतःच शिंकला. बोर्ड गेलाय, म्हणाला, पण डिस्क जिवंत आहे. पानं नव्या अक्षरांत बदलत बसायचं नसेल तर एकच उपाय, ही डिस्क सिस्टिमसकट दुसऱ्या मशीनमध्ये बसवायची. "उठेलच असं नाही हं. जुनी सिस्टिम म्हणजे नवी सून. नव्या घरात आली तरी पहिले आठ दिवस हात माहेरच्या कपाटाकडेच जातो. जुना पडदा शोधणार, जुना प्रिंटर शोधणार, नाही सापडला की रुसणार."

दोनदा ती रुसलीच, निळा पडदा दाखवून बसली. मग त्याने नव्या मशीनला जुन्या चालीने वागायची तंबी दिली आणि तिसऱ्या खेपेला ती उठली. कोपऱ्यात पाट्या उमटू लागल्या. नवीन उपकरण सापडले: कीबोर्ड. नवीन उपकरण सापडले: पडदा. दुरुस्तीवाला एकेक वाचत मान डोलवत होता.

नवीन उपकरण सापडले: मायक्रोफोन.

"हा कुठला हो?" त्याने मशीनच्या मागे वाकून बघितलं. मायक्रोफोनच्या भोकात काहीही खोचलेलं नव्हतं. "लावलाच नाही तर सापडला कसा? असो, जुनी आठवण असेल." मग त्याचं लक्ष घड्याळाकडे गेलं. संध्याकाळचे पाच वाजून गेले होते आणि पडद्यावर अकरा चाळीस दिसत होते. तारीख सहा वर्षांपूर्वीची. त्याने ती दुरुस्त केली आणि मशीनचा सेल कमजोर असणार असं सांगितलं. मशीन नवं कोरं होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

जुळणीकाराने ती तारीख बदलण्याआधीच वाचली होती. त्याने आवाज बंद केला होता, तो हा दिवस.

३

ते असं झालं होतं.

अर्धांगवायूने बाबांची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली होती. डाव्या हातात चमचा धरून ते खाटेच्या लोखंडी नळीवर वाजवत. दोनदा वाजवलं की पाणी. तीनदा वाजवलं की भांडं. एकदाच वाजवलं की काही नको, नुसता ये. ही खुणेची भाषा बापलेकांनी मिळून ठरवली होती आणि ताई आली की तिच्याशीही बाबा तसंच बोलत. जुन्या घरात कामाची खोली बोळाच्या एका टोकाला, बाबांची दुसऱ्या टोकाला आणि कामाच्या खोलीखालीच रहदारीचा रस्ता. चमचा ऐकू येईना. म्हणून त्याने खाटेच्या उशाशी मायक्रोफोन बांधला, भिंतीच्या कडेने लांब वायर ओढून कॉम्प्युटरला जोडली आणि काम करताना हेडफोन कानाला लावू लागला. ताईने तेव्हा त्याच्या डोक्याचं किती कौतुक केलं होतं.

दोन वर्षं हे चाललं. पाण्यासाठी तो दिवसातून दहादा उठे, त्याचं काही नाही. पण ते एकदाच वाजणं. नुसता ये. तो जाई, बाबा त्याच्याकडे बघत, तो विचारी काय हवंय, आणि त्यांना काहीच नको असे. परत येऊन खुर्चीत बसतो न बसतो तोच पुन्हा एकदा. त्या दिवशी कोशाची सूची साडेतीनला द्यायची होती आणि सकाळपासून बाबांनी चौदा वेळा एकच ठोका दिला होता. त्याने मोजले होते, म्हणजे बघा, माणूस किती वैतागला असेल. अकरा चाळीसला त्याने पडद्यावरच्या कर्ण्याच्या चित्रावर क्लिक केलं. त्यावर लाल फुली आली आणि हेडफोन गप्प झाला.

मग त्याने सूची संपवली, पाठवली आणि चारला बाबांच्या खोलीत गेला. मधे पाणीबिणी प्यायला उठला असेल, तेवढंच.

चमचा जमिनीवर होता. डावा हात खाटेबाहेर, पाण्याच्या तांब्याच्या दिशेने, आणि तांब्या वीतभर लांब. त्याने तो हात उचलून छातीवर ठेवला. डोळे मिटवले. चमचा धुऊन खणात ठेवला आणि मग डॉक्टरांना फोन केला. झोपेत गेले, तो म्हणाला. डॉक्टरांनी मान हलवली आणि ते वाक्य कायमचं खरं झालं.

४

मशीन घरी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्याने ते सुरू केलं. घड्याळात अकरा चाळीस. दुरुस्तीवाल्याने लावलेली तारीख पुसून गेली होती.

ताई पलीकडच्या टेबलावर कपाळ टेकवून बसली होती आणि शाळेतल्या एका खोडकर मुलीची गोष्ट सांगत होती. त्याने हूं हूं करत कोश उघडला. पानं नीट होती. अक्षरं जागच्या जागी, वेलांट्या जिथल्या तिथे. त्याला हायसं वाटलं. मग उजव्या कोपऱ्यात, त्यानेच एके काळी तिथे नेमून ठेवलेली आवाजाची छोटी चौकट उघडली. कर्ण्यावर लाल फुली होती. तिच्याखाली आवाज येतोय की नाही हे दाखवणारी हिरवी पट्टी सपाट पडून होती.

अकरा त्रेचाळीसला पट्टी एकदा उसळली आणि खाली बसली.

त्याने मशीनच्या मागे हात घातला. पडदा, कीबोर्ड, माऊस, वीज. बाकी सगळी भोकं रिकामी. हेडफोन नव्या कॉम्प्युटरचा, तो खुंटीवर लटकत होता. विजेचा दाब कमीजास्त होत असेल, त्याने स्वतःला सांगितलं. रस्त्यावरून जड गाडी गेली असेल. गाडी गेली तर मायक्रोफोन नसताना ती कोणाला ऐकू येईल, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही.

अकरा सत्तेचाळीस, पुन्हा एकदा. अकरा बावन्न, एकदा. मग बारा वाजून सहा मिनिटांनी पट्टी उसळली, बसली आणि लगेच पुन्हा उसळली.

दोन.

तो खुर्चीतून उठला आणि ओट्यापाशी जाऊन तांब्याभर पाणी घेऊन आला. हातात तांब्या घेऊन तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. कोणासाठी आणलं होतं ते?

"मला देतोस का घोटभर?" ताई टेबलावरून म्हणाली. "कसं ओळखलंस मला तहान लागली ते?"

त्याने तिला पेल्यात पाणी ओतून दिलं. तिने हात चाचपडत पेला घेतला आणि आशीर्वाद दिल्यासारखं त्याच्या मनगटावर थोपटलं. त्याला त्या थोपटण्याची इतकी लाज वाटली की त्याने मशीन तिथल्या तिथे बंद केलं.

५

पुढचे दोन दिवस त्याने बुद्धी वापरायचं ठरवलं. उपकरणांच्या यादीत जाऊन त्याने मायक्रोफोन पुसला. मशीन पुन्हा सुरू केलं तर पाटी आली: नवीन उपकरण सापडले. पुन्हा पुसला, पुन्हा सापडला. तळघरात फोन केला तेव्हा दुरुस्तीवाला म्हणाला की चालतंय ना काम, मग कशाला कोळसा उगाळता, आत कुठेतरी जुनी ध्वनिफीत वाजत असेल. जुळणीकाराने सगळी डिस्क धुंडाळली. ध्वनिफीत म्हणून एकही नव्हती. असणार कशी, त्याने बाबांचा आवाज कधी साठवून ठेवलाच नव्हता.

मग त्याने कागद घेतला आणि पट्टीच्या वेळा लिहिल्या. दर खेपेला मशीन अकरा चाळीसलाच जागं होई आणि दर खेपेला वेळा त्याच येत. त्रेचाळीस, सत्तेचाळीस, बावन्न. बारा सहाला दोन. बारा अकराला दोन. बारा चौदाला दोन, आणि आता त्यांच्यातलं अंतर कमी होत होतं. साडेबाराच्या पुढे त्याने घड्याळ एकदाही जाऊ दिलं नाही. काम तुकड्यातुकड्यांनी करायचा, अर्धा-पाऊण तास झाला की बंद.

लाल फुलीवर एकदा क्लिक केलं असतं तर आवाज सुरू झाला असता. हेडफोन हाताच्या अंतरावर होता. त्याने तो खुंटीवरून काढून टेबलावर ठेवला आणि मशीनला जोडूनही ठेवला, कानाला मात्र लावला नाही. ऐकलं तर काय होईल? काहीच होणार नाही, बाबा सहा वर्षांपूर्वी गेले. मग ऐक की. पण त्याचं बोट पुढे होईना, आणि त्याला स्पष्ट कळत होतं की हे भुताचं भय नव्हे. आपण त्या दिवशी काय ऐकलं नाही, ते आता ऐकावं लागेल याचं ते भय होतं.

ताईला तो म्हणाला की कामाचा कंटाळा आलाय. ती म्हणाली की तुझा आवाज वेगळा लागतोय, तुला काही होतंय का, बाबांची आठवण येतेय का. तो नाही म्हणाला. ती म्हणाली, मला येते.

गुरुवारी त्याची चलाखी संपली. पानं दुरुस्त झाली होती, पण छापखान्याला द्यायची म्हणजे कोशाची सगळी नऊशे पानं त्या जुन्या सिस्टिमकडून एका दमात तयार करून घ्यायला हवी होती. मधे थांबवलं की पहिल्यापासून सुरुवात. पडद्यावर अंदाज आला: चार तास वीस मिनिटं. अकरा चाळीस अधिक चार वीस, हा हिशेब करायला त्याला बोटं लागली नाहीत. चारची वेळ त्यातच येत होती.

६

शुक्रवारी सकाळी त्याने पानांचं काम लावून दिलं, पडद्याचा उजेड कमी केला आणि ताईला मागच्या खोलीत नेऊन बसवलं. तिला नवल वाटलं. पुढच्या खोलीत ऊन येतं, तो म्हणाला. पट्टी बांधलेल्या माणसाला उन्हाचं काय, असं ती म्हणाली खरी, पण बसली. त्याने तिला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. आतल्या पानावरची पत्रंसुद्धा वाचली. मधूनमधून तो थांबे आणि कान देई. पुढच्या खोलीत पंख्याशिवाय कशाचाही आवाज नव्हता.

तासाभराने थेंबांची दुसरी वेळ झाली आणि बाटली रिकामी निघाली. एकही थेंब चुकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. औषधाचं दुकान कोपऱ्यावरच, जाऊन येऊन दहा मिनिटं. "इथेच बस, उठू नकोस," त्याने तिला सांगितलं. ती म्हणाली की मी काय लहान आहे का. दुकानात पुढे चार माणसं होती, त्यातल्या एका बाईला प्रत्येक गोळी कशासाठी ते समजावून घ्यायचं होतं. तो वीस मिनिटांनी परत आला, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढून.

मागच्या खोलीत ताई नव्हती.

ती पुढच्या खोलीत त्याच्या खुर्चीत बसली होती. मान नेहमीसारखी खाली, कपाळ टेबलाच्या कडेला. दोन्ही कानांवर हेडफोन होता.

"कोणीतरी वाजवत होतं," ती म्हणाली. तिला दार उघडल्याचं कळलं होतं. "मला वाटलं तूच काहीतरी ठोकतोयस. भिंत धरून धरून आले. मग कळलं, यातून येतंय."

त्याने पडद्याकडे पाहिलं. बारा अठ्ठावन्न. कर्ण्यावरची लाल फुली जिथल्या तिथे होती. आवाज बंद होता.

"बाबा आहेत," ताई म्हणाली. तिचा आवाज शांत होता, मुलांना उतारा सांगताना असे तसा. "दोन वाजवले. पाणी मागताहेत. पुन्हा दोन."

हिरवी पट्टी दोनदा उसळली. थांबली. पुन्हा दोनदा उसळली.

७

त्याने तिच्या कानांवरचा हेडफोन काढला आणि स्वतःच्या कानांना लावला. सहा वर्षं ज्याला घाबरला ते आता एकदाचं होऊन जाऊ दे, असं त्याला वाटलं. पट्टी उसळत होती. त्याला काहीही ऐकू आलं नाही. त्याने माऊसने लाल फुली काढली आणि आवाज होता तेवढा वाढवला. पट्टी उसळली, बसली, उसळली, बसली. कानांत बारीक खरखरसुद्धा नव्हती. त्याने हेडफोन कानांवर दाबून धरला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा, तो मनात म्हणाला, आता ऐकतोय मी, वाजवा.

"ऐकलंस?" ताईने विचारलं.

"नाही."

"दे इकडे."

तिने हेडफोन घेतला आणि पुन्हा लावला. तिचा चेहरा टेबलाकडे होता, त्याला फक्त डोळ्यावरच्या पट्टीची गाठ आणि पांढरे केस दिसत होते. ती ऐकत गेली आणि हलक्या आवाजात सांगत गेली. दोन. आता थांबलेत. श्वास जोराने घेताहेत. लांब कुठेतरी टाईप केल्याचा आवाज येतोय, भराभर. तू कसलं तरी गाणं गुणगुणतोयस. पुन्हा दोन.

त्यांना आपलं गुणगुणणं ऐकू येत होतं. हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. दुपारभर त्यांना माहीत होतं की मुलगा घरात आहे.

"ताई," तो म्हणाला, "बंद करू या. मशीन बिघडलंय."

तो विजेच्या बटणाकडे वाकला तेव्हा तिने अचूक त्याचं मनगट पकडलं. आजारी माणसाच्या हातात इतकी ताकद असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"बंद करू नकोस. ते एकटे आहेत. कोणीतरी ऐकायला हवं ना." मग ती म्हणाली, "तू तर सांगितलं होतंस झोपेत गेले."

त्याची नजर पडद्याकडे गेली. घड्याळात एक वाजून सात मिनिटं झाली होती. आणि तेवढ्यात, इतक्या वर्षांत स्वतःच्याही कानावर येऊ न दिलेली एक गोष्ट त्याला आठवली. विसरला होता असं नव्हे, तिच्याकडे बघायचं त्याने टाळलं होतं. तिच्या हातातलं मनगट सोडवून तो मागे सरला.

ताईचा चेहरा उजळला. तिने पहिल्यांदाच डॉक्टरांचा हुकूम मोडून मान वर केली.

"टाईप करायचं थांबलं," ती म्हणाली. "खुर्ची सरकली. तू उठलास. बघ, येतोयस. बोळातून येतोयस, पावलं ऐकू येताहेत तुझी." ती हसली, आणि तिच्या पट्टीखालून एक ओघळ गालावर आला. "मला माहीतच होतं. तू जाणार नाहीस असं होईलच कसं? आलास. दाराशी आलास."

त्याला ते दार दिसलं. अर्धवट लोटलेला पडदा, पडद्याच्या फटीतून दिसणारा बाबांचा वर उचललेला डावा हात आणि त्यातला चमचा. बाबांचं तोंड तांब्याकडे होतं, त्यांनी त्याला पाहिलं नव्हतं. सूचीची सहा पानं राहिली होती. आत गेलं की अर्धा तास मोडणार, त्याला वाटलं होतं. आत्ता संपवून येतो, असं वाटलं होतं. पाय न वाजवता तो माघारी वळला होता.

हिरवी पट्टी सपाट झाली. दारात कोणीतरी आल्याचं खाटेवरच्या माणसाला कळलं असावं, त्याने वाजवायचं थांबवलं होतं.

ताई मान वर करून वाट बघत होती. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण कडेने विरत चाललं होतं. तिने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर घट्ट धरला.

"थांबलास का?" ती म्हणाली. "आत ये ना. वाट बघताहेत."

तो तिच्या मागे उभा होता, हातात थेंबांची बाटली. पडद्यावर एक वाजून दहा मिनिटं झाली. चार वाजायला अजून पावणेतीन तासांहून जास्त वेळ होता आणि ताई हेडफोन काढायला तयार नव्हती.